घरगुती भू-स्रोत उष्णता पंप

घरगुती भू-स्रोत उष्णता पंप ही जमिनीतील कमी तापमानाची उष्णता विजेच्या साहाय्याने वर आणून तिचे तापमान वाढवणारी यंत्रणा होय. तिचा उपयोग घर उबदार ठेवण्यासाठी व नळाचे पाणी तापवण्यासाठी होतो. यंत्रणेचे तीन भाग असतात : जमिनीत पुरलेली नळ्यांची वेटोळी, घरातील पंप आणि घरभर उष्णता पोहोचवणारी गरम पाण्याची व्यवस्था. स्वीडन, स्वित्झर्लंड, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा इत्यादी थंड हवामानाच्या देशांत ही यंत्रणा वापरात आहे. प्रस्तुत लेखात तिची माहिती मुख्यतः ब्रिटनमधील घरांच्या संदर्भात दिली असून तुलनेसाठी स्वीडन व जर्मनीतील अनुभव विचारात घेतला आहे.

या यंत्रणेचे एक वैशिष्ट्य तिच्या यशापयशाच्या मुळाशी आहे. घरातील पंप जुना झाला तर काढून नवा बसवता येतो. परंतु जमिनीत एकदा गाडलेल्या नळ्या वाढवणे किंवा बदलणे अत्यंत खर्चिक ठरते. त्यामुळे यंत्राच्या निवडीपेक्षाही उभारणीपूर्वीच्या आकडेमोडीला अधिक महत्त्व येते.

तत्त्व व रचना

उष्णता आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते. तिला उलट दिशेने न्यायचे असेल तर बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते. घरातील फ्रिज हेच काम करतो. तो आतल्या पदार्थांमधील उष्णता काढून मागच्या जाळीवाटे स्वयंपाकघरात सोडतो. भू-स्रोत पंपात फ्रिजच्या आतल्या कप्प्याची जागा जमीन घेते आणि जाळीची जागा घरातील गरम पाण्याच्या नळ्या घेतात.

जमिनीतील प्लॅस्टिकच्या नळ्यांमधून पाणी व गोठणरोधक द्रव यांचे मिश्रण सतत फिरवले जाते. ब्रिटनमध्ये त्यासाठी बहुधा ग्लायकॉल, तर स्वीडनमध्ये इथेनॉल वापरतात. जमिनीपेक्षा थंड असलेले हे मिश्रण काही अंश तापून परत येते आणि आपली उष्णता पंपातील बाष्पित्रात प्रशीतकाला देते. प्रशीतकाचा उत्कलनबिंदू अतिशय कमी असल्याने तेवढ्या उष्णतेनेही त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो, तेव्हा तिचे तापमान वाढते. पुढे संघनित्रात ती वाफ आपली उष्णता घरातील पाण्याला देऊन पुन्हा द्रवरूप होते. मग प्रसरण झडपेतून जाताना द्रवाचा दाब व तापमान उतरते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

मिळालेली उष्णता आणि खर्च झालेली वीज यांच्या गुणोत्तरास कार्यगुणांक म्हणतात. कार्यगुणांक ४ असलेला ८ किलोवॅटचा पंप २ किलोवॅट वीज घेतो व उरलेली ६ किलोवॅट उष्णता जमिनीतून मिळवतो. हा गुणांक स्थिर नसतो. जमिनीकडून येणारा द्रव जितका कोमट आणि घराला लागणारे पाणी जितके कमी गरम, तितका तो वाढतो. स्रोत ०° से. आणि घरातील पाणी ३५° से. असेल तर उष्मागतिकीच्या नियमांनुसार कार्यगुणांकाची कमाल मर्यादा सुमारे ८.८ येते, पाणी ५५° से. लागत असेल तर ती ६ च्या आसपास उतरते. प्रत्यक्ष यंत्रे या मर्यादेच्या साधारण निम्म्यापर्यंत पोहोचतात. संपूर्ण वर्षाच्या सरासरीस हंगामी कार्यगुणांक म्हणतात आणि घरमालकाच्या दृष्टीने तोच खरा आकडा असतो.

जमिनीतील उष्णतेचा उगम

हिवाळ्यात पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते आणि उन्हाळ्यात तेच गार वाटते. पाण्याचे तापमान फारसे बदललेले नसते, भोवतालची हवा बदललेली असते. जमिनीखाली सुमारे १० ते १५ मीटरांनंतर ऋतूंचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो आणि तेथील तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास राहते. ब्रिटनच्या बऱ्याच भागांत ते १० ते १२° से. असते. त्याखाली दर १०० मीटरांमागे तापमान साधारणपणे २.५ ते ३° से. वाढते.

भू-स्रोत पंपाला पुष्कळदा भूऔष्णिक यंत्रणा म्हटले जाते व त्यातून गैरसमज होतो. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेचे प्रमाण खंडांवर सरासरी दर चौरस मीटरला ०.०६५ वॅटच्या आसपास, म्हणजे अत्यल्प असते. २४० चौरस मीटरांच्या अंगणाखालून येणारी अशी उष्णता जेमतेम १५ वॅट भरेल. उथळ नळ्यांना मिळणारी उष्णता ही मुख्यतः सूर्याने व पावसाच्या पाण्याने उन्हाळ्यात मातीत साठवलेली असते. उन्हाळे, वाफेची कुंडे आणि भूऔष्णिक वीजकेंद्रे यांचा उगम वेगळा आहे.

इतिहास

उष्णता पंपाची कल्पना विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ मध्ये मांडली. ऑस्ट्रियातील अभियंता पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५० च्या दशकात एबेनझे येथील मिठागारात या तत्त्वावरील यंत्र उभारले. जमिनीचा स्रोत म्हणून उपयोग करण्याविषयीचे पेटंट १९१२ मध्ये स्विस अभियंता हाइनरिख झ्योली यांनी घेतले. तथापि त्या काळातील यंत्रांची कार्यक्षमता कमी असल्याने त्याचा लगेच प्रसार झाला नाही.

स्वित्झर्लंडमध्ये १९३८ साली झुरिकच्या नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसवण्यात आला. ब्रिटनमध्ये जॉन समनर यांनी १९४५ मध्ये नॉर्विच येथे नदीच्या पाण्यावर चालणारा पंप उभारला. अमेरिकेत ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथील इक्विटेबल बिल्डिंग या इमारतीत १९४८ पासून भूजलावर चालणारी यंत्रणा वापरात आली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर या तंत्राला खरी चालना मिळाली. घरे तापवण्यासाठी आयात तेलावर अवलंबून असलेल्या स्वीडनने पर्याय शोधण्यास आरंभ केला. कठीण ग्रॅनाइट व नाइस खडक, जलविद्युत व अणुऊर्जेतून मिळणारी वीज आणि बोअर खणणाऱ्या व्यावसायिकांचा अनुभव या तिन्ही गोष्टी तेथे जुळून आल्या. आज त्या देशात अशा यंत्रणांची संख्या काही लाखांत आहे. ब्रिटनमध्ये मात्र उत्तर समुद्रातील स्वस्त नैसर्गिक वायूमुळे गॅस बॉयलर घरोघरी पोहोचले आणि उष्णता पंप दीर्घकाळ मागे राहिला.

उभारणीपूर्वीची आकडेमोड

पहिली पायरी म्हणजे घराच्या उष्णताहानीची मोजणी. प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, छप्पर व जमीन यांमधून तसेच फटींतून जाणाऱ्या हवेबरोबर किती उष्णता बाहेर पडते, हे त्या भागातील कडाक्याच्या थंडीचे तापमान धरून काढले जाते. जुन्या बॉयलरवर लिहिलेली क्षमता यासाठी उपयोगी पडत नाही, कारण ब्रिटनमधील बहुतेक गॅस बॉयलर घराच्या गरजेपेक्षा पुष्कळ मोठे असतात. गॅस बॉयलरच्या बाबतीत असा अदमास खपून जातो. भू-स्रोत पंपाच्या बाबतीत मात्र क्षमतेचा प्रत्येक किलोवॅट जमिनीत आणखी काही मीटर खोदकाम मागतो.

म्हणूनच छतावर उष्णतारोधक थर घालणे, पोकळ भिंती भरणे, खिडक्यांना दुहेरी काच बसवणे ही कामे शक्यतो पंपाची क्षमता ठरवण्यापूर्वी केली जातात. घराची गरज कमी झाली की पंप लहान लागतो, बोअर कमी खोल लागते आणि पुढील सर्व वर्षांचे बिलही कमी येते. उलट, आधी पंप बसवून मागाहून घर सुधारल्यास वाढीव खोदकामाचा खर्च वाया जातो.

दुसरी पायरी म्हणजे जमिनीची परीक्षा. खडकाचा प्रकार, ओलावा आणि भूजलाची पातळी यांवर जमिनीची उष्णता देण्याची क्षमता ठरते. जर्मनीतील अभियंत्यांच्या व्हीडीआय या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लहान घरांसाठी जे ढोबळ आकडे प्रचलित झाले, त्यांनुसार वर्षाला सुमारे १,८०० तास पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या पंपासाठी उभ्या बोअरच्या दर मीटरमागे कोरड्या गाळात २५ वॅट, तर सर्वसाधारण खडकात ६० वॅट उष्णता धरतात. वरील उदाहरणातील ६ किलोवॅट उष्णतेसाठी सर्वसाधारण खडकात १०० मीटर, परंतु कोरड्या गाळात २४० मीटर बोअर लागेल. घर तेच, पंप तोच, मात्र खोदकाम दुपटीहून अधिक होते. मोठ्या प्रकल्पांत चाचणी-बोअरमध्ये गरम पाणी फिरवून खडकाची उष्णतावाहकता प्रत्यक्ष मोजतात. एकट्या घरासाठी ही चाचणी सहसा परवडत नाही आणि भूशास्त्रीय नकाशे व शेजारच्या बोअरच्या नोंदी यांवर भिस्त ठेवावी लागते. स्वीडनमध्ये खणलेल्या बोअरची माहिती भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेकडे देणे बंधनकारक असल्याने अशा नोंदींचा मोठा संग्रह तेथे उपलब्ध आहे.

जमिनीतील काम

आडवी मांडणी : घराभोवती मोकळी जागा असल्यास सुमारे १ ते २ मीटर खोल चर खणून त्यांत नळ्या पसरतात. मातीच्या प्रकारानुसार दर चौरस मीटरमागे कोरड्या रेताड जमिनीत १० वॅट, तर ओलसर चिकणमातीत २० ते ३० वॅट उष्णता धरली जाते. त्यामुळे ६ किलोवॅटसाठी ओलसर मातीत सुमारे २४० चौरस मीटर, तर कोरड्या रेतीत ६०० चौरस मीटर जागा लागते. या जागेवर पुढे बांधकाम किंवा फरसबंदी करत नाहीत, कारण ऊन व पाऊस अडले की मातीची उष्णता भरून निघत नाही.

उभी मांडणी : जागा अपुरी असल्यास यंत्राने बोअर खणून तीत इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पॉलिथिनची नळी सोडतात. बोअरची खोली सामान्यतः १०० ते २०० मीटर असते. ब्रिटन व मध्य युरोपात नळीभोवतीची पोकळी बेंटोनाइट व सिमेंट यांच्या मिश्रणाने तळापासून वरपर्यंत भरतात. त्यामुळे उष्णता नळीपर्यंत नीट पोहोचते आणि वेगवेगळ्या थरांतील भूजल एकमेकांत मिसळत नाही. स्वीडनच्या कठीण खडकात ही पोकळी बहुधा भूजलानेच भरलेली राहू देतात. शेजारशेजारच्या बोअरनी एकमेकींची उष्णता ओढू नये म्हणून त्यांच्यात अंतर ठेवावे लागते. स्वीडनमध्ये दोन घरांच्या बोअरमध्ये किमान २० मीटर अंतर राखण्याची शिफारस आहे.

खुली मांडणी : भूजल विपुल असेल तेथे एका बोअरमधून पाणी उपसून त्यातील उष्णता काढून घेतात व ते दुसऱ्या बोअरमध्ये सोडतात. या प्रकारात पाण्याचा दर्जा, गाळ व परवानग्या यांचे प्रश्न उद्भवतात.

नळ्यांचे सांधे उष्णतेने वितळवून एकजीव करतात. माती लोटण्यापूर्वी दाबाची चाचणी घेऊन गळती नसल्याची खात्री केली जाते आणि नळ्यांमधील हवा पूर्णपणे काढली जाते. नळ्या नेमक्या कोठे आहेत याचा मोजमापांसह नकाशा व छायाचित्रे घरमालकाने जपून ठेवणे आवश्यक असते. अन्यथा काही वर्षांनी कुंपणाचा खांब रोवताना किंवा झाड लावताना नळी फुटण्याचा धोका राहतो.

घरातील काम

पंपाचा आकार साधारणपणे उभ्या फ्रिजएवढा असतो. त्याच्या जोडीला २०० ते ३०० लिटरची गरम पाण्याची टाकी लागते. ब्रिटनमधील अनेक घरांत टाकीविना चालणारे बॉयलर असल्याने एवढी जागा काढणे हीच पुष्कळदा पहिली अडचण ठरते. कॉम्प्रेसरचा आवाज झोपण्याच्या खोलीपर्यंत जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. मात्र वायु-स्रोत पंपाप्रमाणे घराबाहेर पंखा नसल्यामुळे शेजाऱ्यांना आवाजाचा उपद्रव होत नाही.

गॅस बॉयलर रेडिएटरांना ७०° से.च्या आसपास पाणी पुरवतात. उष्णता पंप मात्र ३५ ते ५० अंशांवर उत्तम चालतो. म्हणून जमिनीखालील नळ्यांची तापनव्यवस्था त्याला सर्वाधिक मानवते. तशी व्यवस्था नसेल तर काही खोल्यांतील रेडिएटर काढून मोठे बसवावे लागतात. वापराची सवयही बदलते. सकाळ-संध्याकाळ तासभर बॉयलर पेटवण्याऐवजी पंप मंद गतीने दीर्घकाळ चालू ठेवतात. टाकीतील पाण्यात लिजनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून ते ठरावीक दिवसांनी ६०° से.पर्यंत तापवण्याची सोय ठेवतात.

परवानग्या व अनुदान

ब्रिटनमध्ये सरकारी अनुदान मिळवण्यासाठी काम मायक्रोजनरेशन सर्टिफिकेशन स्कीम, म्हणजे एमसीएस, यासारख्या मान्य योजनेखाली प्रमाणित केलेल्या व्यावसायिकाकडून करून घ्यावे लागते. वीज-वितरण कंपनीला पंपाची माहिती द्यावी लागते. इंग्लंडमध्ये खुल्या मांडणीसाठी दिवसाला २० घनमीटरांपेक्षा अधिक पाणी उपसायचे असल्यास परवाना घ्यावा लागतो. जुन्या कोळसाखाणींच्या प्रदेशात बोअर खणण्यापूर्वी स्वतंत्र परवानगी आवश्यक असते.

२०१४ ते मार्च २०२२ या काळात घरगुती नव्या जोडण्यांसाठी रिन्यूएबल हीट इन्सेंटिव्ह ही योजना खुली होती. तीत घरमालकाला सात वर्षे हप्त्याने रक्कम मिळे. त्यानंतर इंग्लंड व वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीम सुरू झाली. तीत भू-स्रोत पंपासाठी आरंभी ६,००० पौंड एकरकमी अनुदान होते. ऑक्टोबर २०२३ पासून ते ७,५०० पौंड करण्यात आले. त्याच वेळी वायु-स्रोत पंपाचे अनुदान ५,००० वरून तितकेच झाल्याने खोदकामाचा जादा खर्च असलेल्या भू-स्रोत पंपाला मिळणारे झुकते माप संपुष्टात आले.

खर्च व बचत

भू-स्रोत पंपाचा आरंभीचा खर्च वायु-स्रोत पंपापेक्षा बराच अधिक असतो व त्यातील मोठा वाटा खोदकामाचा असतो. चालू खर्चाचा हिशेब हंगामी कार्यगुणांक आणि इंधनांचे दर या दोहोंवर अवलंबून असतो.

उदाहरणार्थ, वर्षाला १६,००० युनिट उष्णता लागणारे घर घेऊ. ९० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरला त्यासाठी सुमारे १७,७८० युनिट गॅस लागेल. हंगामी कार्यगुणांक ३.५ असलेल्या पंपाला सुमारे ४,५७० युनिट वीज लागेल. विजेचा दर गॅसच्या तिप्पट असेल तर पंपाचे बिल सुमारे २३ टक्क्यांनी कमी येते. दर चौपट असेल, आणि ब्रिटनमध्ये अलीकडच्या वर्षांत तो साधारण तसा राहिला आहे, तर बचत जवळजवळ उरत नाही. अशा दरांत कार्यगुणांक ४ झाला तर बिल १० टक्क्यांनी उतरते, तो २.८ वर घसरला तर बिल जवळपास २९ टक्क्यांनी वाढते. तेल किंवा साधे विजेचे हीटर वापरणाऱ्या घरांचे गणित वेगळे येते. विजेच्या हीटरऐवजी पंप वापरल्यास वरील उदाहरणात वीजवापर ७० टक्क्यांहून अधिक घटतो.

कर्ब उत्सर्जनाचे चित्र अधिक स्पष्ट आहे. गॅसच्या एका युनिटमागे सुमारे ०.१८ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरल्यास बॉयलरचे वार्षिक उत्सर्जन ३.२ टन येते. ब्रिटनमधील विजेसाठी हा आकडा सुमारे ०.२ किलोग्रॅम धरला तर पंपाचे उत्सर्जन ०.९ टन येते आणि वीज स्वच्छ होत जाईल तसे ते आणखी घटते. प्रशीतकाची गळती मात्र टाळावी लागते, कारण आर-४१०ए या बराच काळ प्रचलित असलेल्या प्रशीतकाचा तापमानवाढीतील प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून अधिक आहे. नव्या यंत्रांत प्रोपेनसारखी कमी हानिकारक द्रव्ये वापरली जाऊ लागली आहेत.

दोष व धोके

सर्वांत गंभीर दोष म्हणजे अपुरी बोअर. घराची गरज कमी धरली किंवा जमिनीची क्षमता जास्त धरली, तर हिवाळ्यात काढलेली उष्णता उन्हाळ्यात भरून निघत नाही. बोअरभोवतीचा खडक पहिल्या काही वर्षांत वर्षागणिक थंड होत जातो. पहिल्या हिवाळ्यात यंत्रणा उत्तम चालते, म्हणून दोष ध्यानात येत नाही. पुढे परत येणाऱ्या द्रवाचे तापमान शून्याखाली उतरते, कार्यगुणांक घसरतो आणि आधारासाठी बसवलेला विजेचा हीटर वारंवार सुरू होऊन बिल वाढते. यावर नवी बोअर खणणे, उन्हाळ्यात सौर तापकाची किंवा घरातील उष्णता जमिनीत परत सोडणे किंवा घराची उष्णताहानी कमी करणे हेच उपाय उरतात. आडव्या मांडणीत अति उपसा झाल्यास नळ्यांभोवतीची माती गोठून जमीन फुगते.

खोदकामाचा धोका दाखवणारे सर्वज्ञात उदाहरण नैर्ऋत्य जर्मनीतील स्टाउफेन इम ब्राइसगाउ या ऐतिहासिक नगराचे आहे. २००७ मध्ये तेथील नगरभवनासाठी सुमारे १४० मीटर खोलीच्या सात बोअर खणण्यात आल्या. त्यांतून दाबाखालील भूजल वर असलेल्या अनहायड्राइटच्या थरात शिरले. पाण्याशी संयोग होऊन अनहायड्राइटचे जिप्सम बनते व त्याचे आकारमान पुष्कळ वाढते. परिणामी जमीन हळूहळू वर उचलली गेली आणि दोनशेहून अधिक इमारतींना तडे गेले. पंपाच्या यंत्रात कोणताही दोष नव्हता. या घटनेनंतर जर्मनीत अशा थरांच्या प्रदेशातील बोअरवर अधिक कडक निर्बंध आले.

सामाईक मांडणी

प्रत्येक घराला स्वतंत्र बोअर परवडत नाही अशा वस्त्यांत अनेक घरांसाठी जमिनीतील नळ्यांचे एकच जाळे घालून प्रत्येक घरात छोटा पंप बसवण्याची पद्धत पुढे आली आहे. कॉर्नवॉल परगण्यातील स्टिथियन्स या गावी रस्त्याखाली बोअर खणून असा प्रयोग करण्यात आला. जमिनीतील भाग सार्वजनिक नळयोजनेप्रमाणे सामाईक असल्याने आरंभीचा बोजा एकट्या घरमालकावर पडत नाही.

देखभाल व आयुष्य

पंपाचे आयुष्य साधारणतः २० ते २५ वर्षे मानले जाते, तर पॉलिथिनच्या नळ्या ५० वर्षे वा त्याहून अधिक टिकतात. म्हणजेच एका बोअरवर दोन वा अधिक पंप कालांतराने चालतात. गोठणरोधक द्रवाचे प्रमाण, नळ्यांतील दाब व गाळण्या यांची नियमित तपासणी पुरेशी असते. विजेचा व उष्णतेचा स्वतंत्र मीटर बसवल्यास हंगामी कार्यगुणांक दरवर्षी कळतो आणि बोअर थंड होत असल्याची सूचना वेळीच मिळते.

भारतीय संदर्भ

महाराष्ट्र व गोव्यात घर तापवण्याची गरज जवळजवळ नाही. शिवाय येथील जमिनीचे तापमान वार्षिक सरासरीनुसार मुळातच जास्त असल्याने थंडाव्यासाठी उष्णता जमिनीत सोडण्याचा लाभही मर्यादित राहतो. लडाख, काश्मीर व हिमाचल प्रदेशाचा उंचावरील भाग येथे हे तंत्र अधिक सुसंगत ठरते. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे इत्यादी ठिकाणचे गरम पाण्याचे झरे खोलवरच्या उष्णतेशी संबंधित असून त्यांचा या पंपाशी संबंध नाही. त्याचप्रमाणे शेतीसाठी घेतल्या जाणाऱ्या विंधनविहिरीतून पाण्याचा उपसा होतो; बंद मांडणीच्या बोअरमधून पाण्याचा थेंबही काढला जात नाही, केवळ उष्णतेचा उपसा होतो. मात्र उपसा आणि पुनर्भरण यांचा मेळ बसला नाही तर दोन्ही प्रकारांत बोअर कालांतराने निकामी होते.